तुम्ही विचारलंत म्हणून: ‘अजून दुखतं?’

ह्या प्रश्नातलं ‘दुखतं’ मला चालतं. ‘अजून’ चालत नाही. बायपासला चार वर्षं झाली, हे मलाही माहीत आहे. माझा हात छातीवर गेलेला दिसला की तुम्ही विचारता, मी ‘थोडंसं’ म्हणते, मग तुम्ही विचारता, ‘पण हृदय ठीक आहे ना?’ हृदय उत्तम आहे. दुखतंय ते हृदय नाहीच. एवढं ऐकलं की तुमचा जीव भांड्यात पडतो आणि विषय संपतो. तुमच्यापुरता.

तर एकदा सांगून टाकते.

छातीचं हाड मधोमध उभं कापतात, दोन्हीकडे ताणून उघडतात आणि काम झालं की स्टीलच्या तारांनी बांधतात. माझ्या सात आहेत. एक्स-रेत त्या एकाखाली एक दिसतात, पोत्याचं तोंड शिवावं तशा. हाड दोन-तीन महिन्यांत जुळतं. माझंही जुळलंय, सीटी स्कॅन करून खात्री करून घेतली आहे. पण हाड उघडताना बरगड्यांचे सांधेही ताणले जातात. शिवाय हाडाच्या डाव्या कडेने आतून खाली उतरणारी एक रक्तवाहिनी सोडवून माझ्या हृदयाला जोडली आहे. ह्या सगळ्या ओढाताणीत शेजारच्या बारीक नसा दुखावतात. म्हणून व्रणाच्या डावीकडची चार बोटं जागा बधिर आहे, आणि आग होते ती नेमकी त्याच बधिर जागेत. बधिर असेल तर दुखेल कसं, असं मीच वर्षभर स्वतःशी भांडत होते. दुखतं. ब्राचा पट्टा शेवटच्या तारेवर बसतो तेव्हा तर विचारू नका. हे वाक्य सर्जनसमोर उच्चारायला मला दोन वर्षं लागली.

आता ती रात्र. ऑपरेशनला वीस महिने झाले होते. दोनच्या सुमाराला कुशीवर वळले आणि छातीत असं काही धरलं की श्वास अर्धाच आत गेला. घाम फुटला. भीतीने की दुखण्याने, आजही सांगता येणार नाही. ह्यांना उठवलं. कॅज्युअल्टीत ईसीजी काढला, रक्त घेतलं. ईसीजी बरा होता, ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) नॉर्मल, पण एकदाच्या तपासणीवर सोडत नाहीत. तीन तासांनी पुन्हा रक्त. ते तीन तास हे खुर्चीत माझ्या चपला हातात धरून बसले होते. खाली ठेवा म्हटलं तर ‘असू दे’ म्हणाले.

पहाटे डॉक्टर आली, माझ्या मुलाच्या वयाची असेल. दुसरा रिपोर्टही नॉर्मल होता. तिने हाडाच्या डाव्या कडेला, तिसऱ्या बरगडीपाशी बोट ठेवून दाबलं. मी किंचाळले. ‘हेच दुखणं का?’ हेच. ‘मग हे छातीच्या पिंजऱ्याचं आहे, काकू. हृदयाचं काही नाही.’ ह्यांच्या चेहऱ्यावर रात्रभरात पहिल्यांदा हसू आलं. मुलाला फोन लावून म्हणाले, ‘काही नाही रे, काही नाही.’ आणि मी रडायला लागले.

सगळ्यांना वाटलं, सुटले म्हणून रडते आहे. तसं नव्हतं. मला वाईट वाटलं होतं. अटॅक नको होता हो, पण सांगता येईल असं काहीतरी सापडायला हवं होतं. रात्रभर दोन माणसं जागवायची आणि ‘काही नाही’ घेऊन घरी जायचं? असा विचार करणाऱ्या बाईचा राग यावा, मलाही आला. टॅक्सीत ह्यांनी माझा सीटबेल्ट लावला आणि तो पट्टा घरापर्यंत स्वतःच्या हाताने माझ्या छातीपासून दूर धरून ठेवला. एक शब्द न बोलता.

मी तरी कुठली शहाणी. पहिल्या सहा महिन्यांत फिजिओथेरपीला एक बाई भेटायच्या. त्यांच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली होती, आणि त्या ‘अजून दुखतं’ म्हणायच्या. मी त्यांना म्हणाले होते, ‘फार मनावर घेऊ नका.’ वर घरी येऊन ह्यांना सांगितलं की काही बायकांना दुखणं कुरवाळायला आवडतं. त्या बाई आता भेटल्या तर काय बोलेन, माहीत नाही. बहुधा त्याच आधी विचारतील, ‘कसं आहे?’

आणि हो, कधीकधी दुखत नसताना मी ‘दुखतंय’ म्हणते. जड पिशवी आली, नको त्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं की. हे आता तुम्हाला कळलं, म्हणजे खरं दुखेल तेव्हाही तुम्ही शंका घेणार. घ्या.

उपाय विचाराल. नसांच्या दुखण्याची गोळी घेतली; आग कमी झाली, पण दिवसभर डोळ्यांवर झापड. पॅच लावते, त्याने कापडाचं घासणं तेवढं सहन होतं. सर्जन म्हणतात, खालच्या दोन तारा काढून बघता येतील, हाड जुळल्यावर त्यांचं काम संपलेलं असतं. ऑपरेशन लहान आहे. काहींचं दुखणं त्याने थांबतं, काहींचं नाही. माझं जर नसांचं असेल तर तारांना उगाच दोष. आणि तारांचं असेल तर चार वर्षं मी उगाच सोसलं. दोन्ही उत्तरं मला नको आहेत.

त्यांनी लिहून दिलेला कागद टेबलाच्या खालच्या खणात आहे. तो खण अडकतो, दोन्ही हातांनी ओढावा लागतो.