पत्र्याला घाम फुटतो: ओल्या कोपऱ्याचा छडा लागला!

सापडलं एकदाचं! खुराड्यातल्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात अंथरलेलं तूस कशानं भिजतंय ते कळलं. पावसाची झड नाही, पाण्याचं भांडं नाही, कोब्यातून वर येणारी ओलही नाही. पाणी छपरातून पडत होतं, आणि छपराला एकसुद्धा भोक नाही.

पिल्लांची हालहवाल आधी पटकन देते. खडकीच्या सरकारी उबवणी केंद्रातली ही बॅच ब्रूडरमधून (बल्बची ऊब देणाऱ्या पेटीतून) सुखरूप बाहेर पडली. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, आणि थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघून बल्ब वर-खाली. बल्बखाली गर्दी केली की थंडी वाजतेय, कडेला पांगून चोची उघडल्या की उकडतंय. लासोटा, म्हणजे राणीखेत रोगाच्या लशीचा थेंब, थोरलीनं दिला. धाकटा एकेक पिल्लू मुठीत धरून तिच्यापुढे करत होता, थेंब डोळ्यात पसरून पिल्लानं पापणी मिटेपर्यंत सोडत नव्हता. दोघांचं एरवी रिमोटवरूनही जमत नाही, पण लशीच्या दिवशी एकदम शिस्त. कुपी मात्र शंभर डोसांची. आपल्यासारख्या डझनभर पिल्लंवाल्यांनी उरलेल्याचं करायचं काय, हा प्रश्न कोणीच सोडवत नाही. एकदा मिसळली की दोनेक तासांत संपवायची, नाहीतर फेकायची.

आता मूळ दुखणं. पाचव्या आठवड्यात पैलवान (नाव धाकट्यानं ठेवलंय, वजन बघून) पंख सोडून, मान आत ओढून कोपऱ्यात उभा दिसला. खाली बघितलं तर विष्ठेत ताजं लाल रक्त. रक्ती हगवण. औंधला रोग अन्वेषण विभागात नमुना दिला, तिथंही कॉक्सिडिया, म्हणजे या हगवणीचे आतड्यातले जंतूच निघाले. अँप्रोलियम सुरू केलं: २० टक्केवाली पावडर, लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस, मग निम्म्या मात्रेनं पुढे. ज्यांना लगेच बी-कॉम्प्लेक्स पाजायची घाई असते त्यांच्यासाठी: अँप्रोलियम हे बी-१ जीवनसत्त्वाचं सोंग घेऊनच त्या जंतूला उपाशी मारतं. सोबत बी-कॉम्प्लेक्स दिलंत तर औषध वाया. कोर्स संपल्यावर द्या.

पैलवान उठला, खायला लागला, आम्ही पेढे वाटायच्या बेतात. औषध थांबलं आणि थोड्याच दिवसांत शेवंती (हे दुसरं पिल्लू) तशीच पंख सोडून बसली. पुन्हा तेच औषध, पुन्हा बरं, पुन्हा तेच.

औषधाचा दोष नव्हता. विष्ठेतून पडलेली या जंतूंची अंडी लगेच रोग देत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकतात, मग पिल्लू ती टिपतं. साध्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत. तूस कोरडं राहिलं तर थोडीफार पोटात जातात आणि त्यातून पिल्लांना उलट प्रतिकारशक्ती येते. ओलं राहिलं तर रोजचा रतीब. म्हणजे सगळं येऊन ठेपलं त्या दोन फुटांच्या कोपऱ्यावर. बाकी खुराड्यातलं तूस मुठीत दाबलं की मूठ उघडताच भुरभुर सुटायचं. कोपऱ्यातलं दाबलं की लाडू वळायचा आणि वळलेलाच राहायचा.

पहिला संशय अर्थातच पाण्यावर. बेल ड्रिंकर (घंटेच्या आकाराचं पाण्याचं भांडं) काढून निपल (चोच लावली की थेंब सोडणाऱ्या तोट्या) लावले. इथं माझं स्पष्ट मत: सुटे स्वस्त निपल घेऊ नका. त्यांची पिन नीट बसत नाही, रात्रभर टपटप चालते. खाली छोटी वाटी असलेले घ्या, थोडे महाग पडतात, पण सांडलेला थेंब वाटीत राहतो. वाटीवाले लावून पाइपच दुसऱ्या टोकाला नेला. कोपरा ओला तो ओलाच.

मग तुसावर संशय. मार्केट यार्डाच्या बाजूच्या एका दुकानातलं पोतं तळाला दमट निघालं होतं, दुकानदार म्हणाला, ‘पावसाळ्यात असंच येतं मॅडम.’ येत असेल, पण मग कोरड्याचा भाव का लावता? ते पोतं गुलाबांना गेलं. नवीन तूस दोन दिवस गच्चीवरच्या शेडमध्ये पसरून मग टाकलं, वर चुनखडीची भुकटी भुरभुरवली. दोन सकाळी बरं वाटलं, तिसऱ्या सकाळी लाडू.

नवऱ्याचं म्हणणं, कोब्यातून ओल चढतेय, फोडून खाली प्लास्टिक घालू. कोबा फोडण्याआधी एक सोपी चाचणी केली. कोपऱ्यातलं तूस बाजूला करून फरशीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का बसवला, रात्रभर ठेवला. ओल खालून येत असती तर प्लास्टिकच्या खालच्या अंगाला दव दिसलं असतं. सकाळी खालचं अंग कोरडं ठणठणीत, आणि वरच्या अंगाला रुपयाएवढी पाण्याची थारोळी, एका रांगेत.

ती रांग बघून डोक्यात घंटा वाजली. पहाटे पाचला टॉर्च घेऊन खुराड्यात अर्धी आत शिरले. आधी वास: उभं राहिलं की काही जाणवत नाही, पण पिल्लांच्या उंचीला नाक नेलं की अमोनियानं डोळे चुरचुरले. टॉर्च वर मारला तर पत्र्याची आतली बाजू थेंबांनी डवरलेली. प्रत्येक पन्हळीतून थेंब उताराकडे सरकत होते, आणि जिथं खालची लाकडी पट्टी आडवी येते तिथं अडून, जाड होऊन, टप्. छपराचा उतार पूर्वेला, तोही किंचित तिरका, त्यामुळे सगळं पाणी त्याच कोपऱ्यात.

खडकवासला धरणातून पाणी सोडायला लागले त्या आठवड्यापासून आमच्या खुराड्याला चारी बाजूंनी, वरपर्यंत ताडपत्री आहे. आमच्याकडे, पुण्याच्या धायरीत, वारा डोंगराकडून तिरका येतो, झड थेट आत शिरते. झड अडली, पण आतली हवाही अडली. पिल्लांचा श्वास, विष्ठेतली वाफ, सगळं वर जाऊन पावसानं गार झालेल्या पत्र्याला लागतं आणि पाणी होतं. कोंबड्या काही कमी पाणी पीत नाहीत, आणि ते सगळं पुन्हा आतच सोडतात.

सासूबाई पहिल्या दिवसापासून कुरकुरत होत्या. त्यांचं माहेर भोरकडचं, लहानपण कोंबड्यांत गेलेलं. ‘अगं, कोंबडीला काय अशी बाळंतिणीवानी गुंडाळून ठेवत्यात व्हय? आमच्या खुराड्यात वारं ह्या अंगानं यायचं न् त्या अंगानं जायचं.’ आम्हाला वाटायचं, जुनी माणसं, बोलणारच. आता त्या चहा घेताना नुसत्या माझ्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं.

उपाय: छपराच्या उंच बाजूला, पत्र्याच्या लगोलग खाली, ६ इंचांची पूर्ण लांबीची फट मोकळी केली आणि तिथं अर्ध्या इंचाची वेल्डमेश (सांधे जोडलेली चौकोनी तारजाळी) ठोकली. षटकोनी कोंबडीजाळी इथं चालणार नाही, आमच्याकडे मुंगूस रोज कुंपणावरून फेरी मारून जातं. ती जाळी कोंबडी आत ठेवते, मुंगूस बाहेर ठेवत नाही. वेल्डमेश बोहरी आळीतून घेतली, वजनावर मिळते, तार जाड बघून घ्या. ताडपत्री आता भिंतीसारखी नाही, पडवीसारखी: वरून फूटभर खाली बांधून बाहेर तिरकी ताणलीय. झड तिच्यावर, वारा तिच्यावरून.

दुसऱ्याच पहाटे पत्र्यावरचे थेंब निम्म्याच्या खाली. आठवडाभरात कोपऱ्यातलं तूस मुठीतून सुटायला लागलं. थोरलीनं ते ‘भुरभुर’ असं वहीत लाल पेननं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. सध्या कोणी पंख सोडलेले नाहीत, शेवंती दांडीवर चढून झोपते, आणि पैलवानानं परवा आरवायचा पहिला प्रयत्न केला. फाटक्या भोंग्याचा आवाज निघाला, तो स्वतःच दचकला. शेजारच्या काकांनी अजून काही म्हटलेलं नाही, गळा उघडला की म्हणतील.

उरलेल्या थेंबांसाठी पत्र्याखाली थर्माकोल लावायचा बेत होता, शीट आणूनही ठेवली. अंगणात टेकवलेली शीट दुपारी बघते तर तिचा कोपरा कुरतडलेला, आणि शेवंतीच्या चोचीला पांढरे दाणे. कोंबड्यांना थर्माकोल भयंकर आवडतो, हे विसरू नका. शीट घरात, बेत रद्द. बुरूड आळीतून बांबूच्या तट्ट्या आणून पत्र्याखाली दोन बोटं अंतर ठेवून बांधायच्या असं ठरवलं होतं.

पण हे लिहिताना वाटतंय, तट्टीत पिसवा आणि गोचीड घर करतील, आणि ती काढून धुवायची म्हणजे छप्पर उचला. त्यापेक्षा ती आडवी लाकडी पट्टीच खटकतेय. तिच्यामुळेच थेंब अडून पडतो. पट्टी खालून काढून पत्र्याच्या वर घेतली आणि हूक उलटे मारले तर थेंब पन्हळीतूनच सरकत बाहेर जाईल, आत पडणारच नाही. खर्च चार हुकांचा. आधी हे, नाही जमलं तर तट्टी. कडकनाथांसाठी दुसरं खुराडं बांधायचं होतं ते दिवाळीनंतर, आणि त्याचं छप्पर मंगलोरी कौलांचं. कौलांच्या सांध्यांतून वाफ आपोआप निघते.

त्याआधी कोंबड्यांच्या देवीची लस. पिल्लं लशीच्या वयात आलीत, आणि डास पावसाळ्यात देवी पसरवतातच. पुन्हा तीच मोठी कुपी. वडगाव, नऱ्हे, धायरीकडे कोणाची सहा ते आठ आठवड्यांची पिल्लं असतील तर येत्या रविवारी सकाळी एकत्र टोचू. बर्फाचा डबा आमच्याकडे आहे, पंख धरायला धाकटा आहे.