खुनाचा साक्षीदार आणि जामिनावर सुटलेला आरोपी : माझा अनुभव

वर्धा नदीकाठचं आमचं गाव. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणात माझ्या शेजारच्या वावरात खून झाला. मी पाठीवर पंप घेऊन पराटीत (कपाशीत) फवारणी करत होतो, सगळं डोळ्यानं पाहिलं. पोलिसांनी जबाब घेतला, मग मॅजिस्ट्रेटसमोर पण जबाब झाला (आता बीएनएसएस म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम १८३, आधीच्या सीआरपीसीचं १६४). तिघं आरोपी आत होते तोवर गावात कोणी मला एका शब्दानं बोललं नाही.

चार्जशीट झाल्यावर त्यातल्या एकाला जामीन मिळाला, त्यानं फक्त धरून ठेवलं होतं म्हणून. अट होती की तालुक्यात पाय ठेवायचा नाही अन् साक्षीदारांना भेटायचं नाही. आठ दिवसांत तो माझ्या धुऱ्यावर गाडी उभी करून म्हणतो, "भाऊ, तुमची पोरगी कोणत्या टायमाच्या यष्टीनं येते?" बस एवढंच, अन् निघून गेला. कापूस वेचणाऱ्या बाया पाहतच राहिल्या, माझे हात थरथरत होते.

ठाण्यात गेलो तर जमादार म्हणे यात धमकी कुठं आहे, त्यानं तर फक्त टाइम विचारला. हे ऐकून खरं सांगतो मी साक्ष सोडायच्या विचारात होतो, घरची पण म्हणे जाऊ द्या, आपल्याला याच गावात राहायचं आहे.

मार्ग दाखवला सरकारी वकील मॅडमनी. त्या म्हणाल्या, काका, 'धमकी दिली' असं मोघम लिहू नका, तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहा, तारीख, वेळ, गाडी नंबर, कोण हजर होतं सगळं, अन् पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. साक्षीदाराला खोटी साक्ष द्यायला धमकावणं हा बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) कलम २३२ खाली वेगळा गुन्हा आहे हे मला तेव्हा कळलं. वेचणाऱ्या दोन बायांनी जबाब दिला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यावर मॅडमनी सेशन कोर्टात जामीन रद्दचा अर्ज टाकला. तीन तारखा झाल्या. त्या दिवसांत पोरीला आणायला मी रोज स्टँडवर जायचो, तूर तशीच उभी राहिली. अट मोडली हे कोर्टानं मानलं अन् तो परत आत गेला.

दुसरा अर्ज संरक्षणाचा. सुप्रीम कोर्टानं ५ डिसेंबर २०१८ ला महेंद्र चावला केसमध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली, आता बीएनएसएसच्या कलम ३९८ मध्ये पण आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या कमिटीकडे अर्ज जातो, डीवायएसपी लेव्हलचा अधिकारी धोका किती आहे त्याचा रिपोर्ट देतो, त्या योजनेत त्याला कामाचे ५ दिवस आहेत. संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त ३ महिन्यांचं, पुढं पाहिजे तर परत पाहावं लागते. मला बंदूकवाला वगैरे नाही मिळाला, रोज संध्याकाळी एक शिपाई येऊन वहीत सही करून जायचा. पण गाव पाहत होतं ना, त्याचाच आधार.

आरोपीला उगाच आत ठेवा असं माझं म्हणणं नाही, जामीन त्याचा हक्क असेल. पण निदान आमची साक्ष होईपर्यंत तरी आमच्या धुऱ्यापासून त्याला लांब ठेवा.

मागच्या पेशीला माझी सरतपास (सरकारी वकिलांनी विचारलेली साक्ष) झाली. तिघंही समोर उभे होते, मी बोट करून ओळखलं. उलटतपास बाकी आहे.