पुण्यात बॉल पायथन: टाकीत खाली काय अंथरायचं? माझा अनुभव

आमचा बॉल पायथन (आफ्रिकेतला बिनविषारी छोटा अजगर) विदेशी प्राण्यांची नोंद होते त्या सरकारी परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवलेला आहे, हे आधीच सांगतो कारण पहिला प्रश्न 'हे कायदेशीर आहे का' हाच येतो (धामण वगैरे आपले साप घरात ठेवता येत नाहीत, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे). आता सबस्ट्रेटबद्दल, म्हणजे टाकीत खाली अंथरायच्या थराबद्दल.

सुरुवातीला नुसता टिश्यू पेपर. नवीन साप आणला की हेच बरं, पांढऱ्यावर माइट्सचे (सापाचं रक्त पिणारे बारीक किडे) काळे ठिपके लगेच दिसतात, शी कशी झाली तेही कळतं. पण त्यात ओलावा टिकत नाही आणि ह्या सापाला हवेत ६० टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो, नाहीतर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरची तर अडकूनच बसते.

मित्र म्हणाला टिंबर मार्केटमधून भुसा आण, स्वस्तात पोतंभर मिळेल. जाऊन बघितलं तर ढिगात साग, पाइन, प्लायची पावडर सगळं एकत्र, त्यात देवदार नाही हे कोण सांगणार? देवदार म्हणजे सीडरच, आणि आपल्याला जो लाकडाचा वास भारी वाटतो त्यातलीच तेलं सापाच्या श्वासाला त्रास देतात. भुसा कॅन्सल. अ‍ॅस्पेन (त्या झाडाच्या लाकडाचा कीस) चांगलं असतं पण कॉर्न स्नेकसारख्या कोरड्यात राहणाऱ्या पाळीव सापासाठी, ओलं झालं की बुरशी धरतं.

शेवटी नर्सरीतली कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा) वीट. खत मिसळलेलं पॉटिंग मिक्स नको, नुसतं कोकोपीट घ्या, मीठ धुतलेलं, पाकिटावर लो ईसी (म्हणजे क्षार कमी) लिहिलेलं असतं. बादलीत भिजवलं की इतकं फुगतं की आई म्हणाली बाथरूममध्ये शेती करतोयस का. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे पण बोटांतून पाणी गळता कामा नये, तेवढं पिळून अंथरायचं.

एप्रिल-मेमध्ये इथली दुपार कोरडी ठाक, तेव्हा वरून फवारत बसण्यापेक्षा कोपऱ्यांत पाणी ओततो, खालचा थर ओला राहतो आणि वरचा कोरडा. पावसाळ्यात उलटं, पाणी जवळजवळ बंद आणि टाकीवरची जाळी हवेसाठी मोकळी, कारण पोट सतत ओल्यावर राहिलं की खवले सडायला लागतात, त्यामुळे हातात घेतला की पोटाकडून बघतोच, लालसर डाग दिसले तर थेट कोकोपीट काढून पेपरवर आणि डॉक्टरकडे.

उंदीर मात्र प्लास्टिकच्या झाकणावर देतो, काथ्याचे धागे तोंडात नकोत म्हणून. ते झाकण स्वयंपाकघरातलं नाही हे आईला अजून पटलेलं नाही.