बाई, पोरीला कुठे नेऊ?

पालकसभा संपली की गणिताच्या सरांभोवती गर्दी होते आणि चित्रकलेच्या बाईंकडे, म्हणजे माझ्याकडे, दोन-तीनच पालक येतात. त्यांतल्या एकाचा प्रश्न हमखास ठरलेला असतो. "बाई, पोरगी दिवसभर ते मोठ्या डोळ्यांचे जपानी चेहरे काढत बसते. मुंबईत या कॉमिक्सवाल्यांचं काहीतरी भरतं म्हणे. तिला कुठे नेऊ?" पायऱ्यांवर उभ्या उभ्या दिलेलं उत्तर नेहमी अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

थोडक्यात सांगायचं तर चित्र काढणारा माणूस जिथे प्रत्यक्ष भेटेल तिथे न्या. बाकीचा बाजार आहे. बाजारातही मजा असते, मी नाही म्हणत नाही. पण बाजारातून घरी येताना हातात वस्तू असते, आणि काढणाऱ्याला भेटून आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी पेन्सिल वेगळी धरते.

तुम्ही ऐकलेलं ते 'काहीतरी' म्हणजे कॉमिक कॉन. ते 2011 साली दिल्लीत सुरू झालं आणि 2012 मध्ये मुंबईत आलं, कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये. पुढे ते गोरेगावच्या नेस्कोत गेलं, मग बीकेसीला. तारखाही सरकत असतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या महिन्यावर विसंबून सुट्टी टाकू नका. तिथे काय असतं? मोठाले स्टॉल, परदेशी नायकांच्या मूर्ती, टी-शर्ट, गेमिंगचे पडदे आणि कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेष करून येणं. कॉस्प्लेला नाकं मुरडू नका. फोमचे तुकडे कापून, तापवून, रंगवून अख्खं चिलखत उभं करणारी कॉलेजची पोरं मी पाहिली आहेत. हस्तकलेच्या तासाला इतकं मन लावून काम करणारं मूल मला क्वचितच मिळतं. शिवाय त्या वेषात लोकलने यायचं म्हणजे छातीही हवी.

पण तुम्ही पोरीला घेऊन दारातून आत गेलात की सरळ आर्टिस्ट अ‍ॅली शोधा. एकेका टेबलामागे एकेक चित्रकार आपली पुस्तकं, प्रिंट आणि स्टिकर मांडून बसलेला असतो. मुंबईच्या अभिजीत किणींची 'अँग्री माउशी' याच वर्तुळातली. साडी नेसलेली, भडकलेली, अन्यायाला ठोकून काढणारी मावशी. आमच्या वर्गात तिची ओळख करून दिली की मुलं आधी हसतात आणि मग आपापल्या मावश्या काढायला घेतात. डोंगराएवढ्या दंडाचा अमेरिकन नायक काढताना अडणारा हात मावशीचा पदर खोचताना अडत नाही. ती त्यांनी पाहिलेली असते.

टेबलाशी गेल्यावर पोरीला बोलू द्या. तुम्ही "हिला फार आवड आहे हो" म्हणून सुरू केलंत की ती गप्प होणार. तिची वही सोबत असू द्या. चित्रकाराला विचारायचे प्रश्न मी वर्गात शिकवून ठेवते: आधी गोष्ट लिहिता की आधी चित्र? पान किती मोठ्या कागदावर काढता? संवादाचा फुगा आधी आखता की चेहरा? शेवटचा प्रश्न ऐकून चित्रकार हटकून वर बघतात. नवशिक्याच्या पानावर चेहरे सुंदर असतात आणि संवादाला जागाच उरलेली नसते. कसलेला माणूस अक्षरांची जागा आधी राखतो. दुपारी चारनंतर तिथे श्वास घ्यायला जागा नसते, म्हणून सकाळी दार उघडताच जा.

गर्दी नकोच असेल तर इंडी कॉमिक्स फेस्टवर लक्ष ठेवा. हा छोट्या, स्वतःच्या पैशांनी छापणाऱ्यांचा मेळावा वेगवेगळ्या शहरांत भरतो, मुंबईतही भरलेला आहे. तिथे झेरॉक्स काढून मधोमध स्टेपल मारलेली आठ-सोळा पानांची पुस्तकंही अभिमानाने विकली जातात. बारा वर्षांच्या मुलीला हे दिसणं फार महत्त्वाचं. कॉमिक कॉनमध्ये तिला वाटतं, हे आपल्याला कधी जमणार? इथे तिला वाटतं, हे मी रविवारी करू शकते. आणि करतातही. आमच्या शाळेबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला आता कागद मागून-पुढून कसा घालायचा ते मुलीच सांगतात.

आता माझी लाडकी जागा, पेडर रोड. माहितीपट काढणाऱ्या सरकारच्या जुन्या फिल्म्स डिव्हिजनचं ते आवार बसमधून हजारदा पाहिलं असेल तुम्ही, आत गेला नसाल. भारतातल्या ॲनिमेशनची एक मोठी शाखा तिथून फुटली. 1956 मध्ये फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग सुरू केला आणि शिकवायला डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स आले. त्यांच्या हाताखाली तरुणांनी जातककथेवरून 'द बॅनियन डिअर' केला, 1957 साली. त्या तरुणांत एक होते राम मोहन. त्यांनी 1968 मध्ये ती नोकरी सोडली, पुढे मुंबईतच स्वतःचा स्टुडिओ काढला, आणि जपानी दिग्दर्शकांबरोबर 'रामायण: द लीजेंड ऑफ प्रिन्स रामा' उभा केला. 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2019 मध्ये ते गेले. त्यांच्या स्टुडिओत घडलेल्यांपैकी एक गीतांजली राव. जे. जे. या मुंबईच्या कलाशाळेतून उपयोजित कला शिकून बाहेर पडलेल्या या बाईंनी ॲनिमेशन मात्र काम करता करताच आत्मसात केलं. 2006 मध्ये त्यांचा 'प्रिंटेड रेनबो' हा लघुपट फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात गाजला, आणि 2019 चा 'बॉम्बे रोज' तर फ्रेमगणिक हाताने रंगवलेला.

ही नावं मी परीक्षेसाठी सांगत नाही. वीक्सनी राम मोहनना दाखवलं, राम मोहननी पुढच्यांना. फुलवाली मान कशी वळवते, वळवताना आधी डोळे फिरतात की हनुवटी, हे शेजारी बसलेला माणूस आपल्या कागदावर काढून दाखवतो तेव्हा कळतं. व्हिडिओ बघून निम्मं येतं, उरलेल्या निम्म्यासाठी माणूस लागतो. म्हणून मी सारखं 'भेटवा, भेटवा' करते.

त्याच आवारात गुलशन महल नावाच्या जुन्या बंगल्यात आणि शेजारच्या नव्या इमारतीत राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय आहे. 2019 मध्ये ते उघडलं. सोमवारी बंद असतं. नव्या इमारतीत मुलांसाठी वेगळं दालन आहे, तिथून माझा वर्ग बाहेर काढणं अवघड जातं.

आणि तिथलाच मोठा सोहळा म्हणजे मिफ, मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपट यांचा. 1990 पासून दर दोन वर्षांनी भरतो, सध्या सम वर्षांत. वृत्तपत्रं माहितीपटांवर चार ओळी लिहितात आणि ॲनिमेशनचा साधा उल्लेख करत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं हा गंभीर दाढीवाल्यांचा कार्यक्रम आहे. प्रत्यक्षात ॲनिमेशनच्या सत्रांना बसून बघा. एस्टोनियाची पाच मिनिटांची फिल्म, लगेच पुण्याच्या एखाद्या विद्यार्थ्याची, मग इराणची वाळूत काढलेली. काही कळत नाहीत, काही मुलांनी बघू नयेत अशाही असतात, तेव्हा आधी कार्यक्रमपत्रिका वाचा. 2024 मध्ये महोत्सव जूनच्या मध्यावर होता, म्हणजे शाळा उघडायच्या आणि पावसाच्या तोंडावर. छत्री न्या. सत्र संपल्यावर दिग्दर्शक बाहेर चहा घेत उभे असतात, तिथे घुटमळत राहा. हा सल्ला मिफला जाणारा प्रत्येक जण देईल.

पवईला आयआयटीत आयडीसी आहे, 1969 पासूनची डिझाइनची शाळा, तिथे ॲनिमेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन लागलं की जाऊन यावं. टासी ही ॲनिमेशनवाल्यांची मुंबईतली संस्था, तिचा 'अनिफेस्ट इंडिया' महोत्सव याच आयआयटीत भरलेला आहे. आणखी एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा: 28 ऑक्टोबर, आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन. 1892 साली त्या दिवशी पॅरिसमध्ये एमिल रेनो यांनी हाताने रंगवलेली हलती चित्रं लोकांना पहिल्यांदा दाखवली. त्या सुमारास आपल्याकडेही कुठल्यातरी कॉलेजात किंवा स्टुडिओत खेळ लागतात.

यानंतरचा प्रश्न आजोबांचा असतो. "या सगळ्यात मराठी कुठाय?" आजोबा, हात मराठी आहेत. अमर चित्र कथा अनंत पैंनी 1967 मध्ये मुंबईतून सुरू केली, तिच्यातला 'कृष्ण' राम वाईरकरांनी काढला. 'टिंकल' या मुलांच्या मासिकातला सुपंदीही त्यांच्याच हातचा, आणि त्यांच्यानंतर तो त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर काढत आल्या. प्रताप मुळीक, दिलीप कदम ही नावं तर त्या अंकांवर सगळीकडे भेटतात. फुग्यातली भाषा मात्र बहुतेकदा इंग्रजी नाहीतर हिंदी. इंद्रजाल कॉमिक्स मराठीत निघत होती, तुम्ही वेताळ वाचलाच असेल, 1990 मध्ये तीही थांबली. 2025 च्या जानेवारीत राम मोहनांचं ते 'रामायण' पुन्हा थिएटरात आलं, ते इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. त्याच वर्षी सप्टेंबरात 'डीमन स्लेयर' या जपानी ॲनिमेशनपटासाठी मुंबईतली पोरं पहाटेच्या खेळांना गेली. त्याच्या भारतीय भाषा पुन्हा त्याच तीन. मराठी प्रेक्षक हिंदीत बघतो हे निर्मात्यांना पाठ आहे, आणि आपण ते खोटं ठरवत नाही. मला याचा राग येतो, पण तो वर्गात दाखवून उपयोग नसतो. मी मुलांना एवढंच सांगते की फुगे मराठीत भरा. "धडाम"ला आणि "खळ्ळ"ला कुणाची परवानगी लागत नाही.

मराठीचा खरा साठा हवा असेल तर जुने दिवाळी अंक चाळा. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर किंवा ओळखीच्या रद्दीवाल्याकडे 'आवाज' मिळतो. त्यातली खिडकीची चित्रं पालकांनी आधी स्वतः उघडून बघावीत, काही चावट असतात! शि. द. फडणीसांची शब्दाविना हसवणारी चित्रं मात्र बेधडक हातात द्या. एका चौकटीत अख्खा प्रसंग कसा बसवायचा याचा त्याहून चांगला धडा माझ्याकडे नाही. वरळी सी फेसला गेलात तर व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मणांच्या कॉमन मॅनच्या पुतळ्यापाशी थांबा, पोरीला त्याची धोतराची चुणी काढायला सांगा.

बातम्या कुठून कळतात, हेही विचारता. एकच एक पत्रक किंवा फलक नाही, असता तर मी आनंदाने शाळेत लावला असता. चित्रकारांना इन्स्टाग्रामवर फॉलो करा. स्टॉल लागणार असेल तर आयोजकांआधी तेच सांगतात, कारण त्यांना पुस्तकं विकायची असतात. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाच्या कार्यशाळांची यादी बघा, जागा पटकन भरतात. जे. जे.चं वार्षिक प्रदर्शन चुकवू नका. सीएसएमटीहून चालत जाता येतं.

राहिला शेवटचा प्रश्न, जो आई विचारत नाही आणि वडील विचारतात. यातून पोट भरेल का? भरतं, पण तुम्ही समजता तसं नाही. 'मोटू पतलू' मुंबईच्याच स्टुडिओत बनतं, असल्या मालिकांना माणसं लागतात, जाहिरातींना लागतात, चित्रपटांच्या व्हीएफएक्सला, म्हणजे संगणकावरच्या दृश्यकरामतींना, तर रात्रपाळीने लागतात. बरंचसं काम कंत्राटी. दुसऱ्याने आखलेलं पात्र दुसऱ्याने ठरवलेल्या वेळेत हलवायचं, हीच बहुतेकांची नोकरी. स्वतःची गोष्ट सांगायला मिळणारे थोडे, आणि त्यांनाही ती वेळ काढून, पदरचं घालून सांगावी लागते. स्टुडिओ ईक्सॉरसची 'टोकरी' बघा, मुंबईतल्या एका लहान मुलीची गोष्ट. बाहुल्या तसूतसूने हलवून केलेल्या त्या छोट्या फिल्मला काही वर्षं लागली, कारण पोटाची कामं सांभाळून ती चालू होती.

म्हणून दहावीआधी लाखांची फी सांगणाऱ्या कुठल्याही क्लासला पैसे भरू नका. सॉफ्टवेअर दर दोन वर्षांनी बदलतं. तिला जुन्या वहीच्या कोपऱ्यात चेंडू उडवायला सांगा, सेकंदाला बारा चित्रं या हिशेबाने. दोन सेकंदांचा चेंडू म्हणजे चोवीस पानं. चेंडू जमिनीला टेकताना चपटा झाला आणि वर जाऊन क्षणभर रेंगाळला, तर मला आणून दाखवा. आणि एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्यायला लावा. स्मरणचित्रात बसस्टॉपवरची माणसं काढायची असतात, आणि कॉमिक्सवाली मुलं तिथेच चमकतात. फॉर्म शाळेतूनच भरले जातात. सूचना फळ्यावर लिहिलेली असते, शेवटच्या दिवशी धावत येऊ नका.