दोन शेवया लाल, एक पांढरी : आमची वाटचाल

पहिली दोन वर्षं आमच्या इटालियन हॉटेलात सगळ्यात जास्त काय खपलं असेल, तर चहा. लोक पाटी वाचत आत यायचे, मेन्यूकार्ड उलटसुलट करून बघायचे आणि विचारायचे, "मालक, चहा मिळंल का?" वडिलांनी कधी नाही म्हटलं नाही. गल्ला त्यावरच चालायचा.

इटालियनचं खूळ थोरल्या काकांचं. ते मालवाहू बोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचे. इटलीतल्या जेनोवा बंदरात तुळशीच्या जातीचा पाला, लसूण, चिलगोज्यासारखी बी आणि तेल संगमरवरी खलात कुटताना पाहून त्यांना आपलं शेंगाचटणीचं उखळ आठवलं. हे ते इतक्यांदा सांगत की आम्ही मुलंच वाक्य पुरं करायचो. इकडे गिरण्या बंद पडत होत्या, वडिलांची नोकरी गेली होती आणि घरचे चादरीचे दोन माग धूळ खात पडले होते. माग विकले, काकांची शिल्लक घातली आणि सोलापुरात सात रस्त्याजवळ सहा टेबलांची जागा भाड्याने घेतली. वडील म्हणत होते, भजी-वड्याची गाडी टाकू. काका ऐकेनात.

पिझ्झा तेव्हा बेकरीतल्या गोल पावावर चीज किसून व्हायचा. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खरी अडचण पास्त्याची. परदेशी पाकीट परवडत नव्हतं आणि इथे मिळणारा मैद्याचा पास्ता शिजला की त्याची खळ व्हायची, सुताला लावतात तसली. इटलीत वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा, असा १९६७ पासून कायदाच आहे. काकांना कायदा माहीत नव्हता, गहू माहीत होता. कडक, पिवळसर, असं ते वर्णन करू लागले तशी आई म्हणाली, "भावजी, हा तर आपला बन्सी."

बन्सी म्हणजे ड्युरमच. दुसऱ्या दिवशी तिने बन्सीचा रवा घट्ट मळून शेवयांच्या पितळी यंत्रातून काढला. पितळी चाळणीतून उतरलेली शेवई जरा खरखरीत असते, तिला रस्सा चिकटून राहतो. इटलीतली भारी पाकिटंही 'कांस्याच्या साच्यातून काढलेला' असं मिरवतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मग एप्रिल आला. पारा चाळिशीपार. गच्चीवर बाजेवर घातलेल्या शेवया दोन तासांत कुडकुडीत, दिसायला झकास; उकळत्या पाण्यात टाकल्या की तुकडे. "उपमा नव्हता मागितला," असं एका गिऱ्हाइकाने ऐकवलं. वरचा थर चटकन वाळतो, आतला ओला राहतो आणि बारीक चिरा पडतात. नेपल्सजवळ ग्रान्यानोला पूर्वी पास्ता समुद्राकडच्या दमट वाऱ्यावर सावकाश वाळायचा. सोलापुरात समुद्र कुठून आणायचा? आईने माजघरात काठ्यांवर शेवया टाकल्या आणि दाराला ओली चादर बांधली. वाळायला दीड दिवस लागू लागला, पण तुकडे थांबले. ती चादर आमच्याच मागावरची, शेवटच्या खेपेतली.

पुढची वर्षं भरभर गेली. कॉलेजची मुलं आली, मागोमाग त्यांचे आईवडील आले. ऑर्डर मराठीत, कानडीत, तेलुगूत. आमच्या वेटरला तिन्ही यायच्या, मला अजून दोनच येतात. जैन कुटुंबांसाठी कांदा-लसूण नसलेला सॉस केला तेव्हा काका आठवडाभर धुसफुसत होते. वडिलांनी तो मेन्यूत सगळ्यात वर छापला.

२०२० मध्ये शटर खाली आलं तेव्हा आम्ही वाळवलेला पास्ता अर्ध्या किलोच्या पुड्यांतून विकला. गल्लीतल्या दोन-तीन घरांत त्याची दूध-गूळ घालून खीर झाली. आम्हाला वाटीभर आली, चांगली झाली होती.

आता गल्ल्यावर मी बसतो. यंत्राला मोटर लावली, चाळणी मात्र तीच पितळी. आई येते, वाळलेली एक काडी कानाजवळ धरून मोडते. टक् वाजली तर ठीक, नाहीतर सगळा घाणा परत काठीवर. बिलावर स्पॅगेटी छापून येतं, भटारखान्यात हाक जाते, "दोन शेवया लाल, एक पांढरी!" काका होते तोवर ही हाक ऐकली की आत येऊन ओरडायचे, "स्पॅगेटी म्हणा रे!" सगळे हो म्हणायचे, आणि पुढची ऑर्डर पुन्हा शेवयांचीच जायची.