अथेन्समधली 'ओही'ची रात्र

२ जुलै २०१५ ला अथेन्समध्ये उतरलो, तेव्हा बँकांना टाळं लागून चार दिवस झाले होते. कर्जात बुडालेल्या ग्रीसने धनकोंच्या कपातीच्या अटी मान्य कराव्यात की नाही, यावर येत्या रविवारी, ५ जुलैला, सार्वमत होतं. एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळायचे, तेही मशीनमध्ये नोटा असल्या तर. परदेशी कार्डांना ही मर्यादा नव्हती. त्यामुळे रांगेत उभं राहायचीच लाज वाटत होती.

कार्ड नसलेल्या पेन्शनरांसाठी काही शाखा उघडल्या होत्या, हातात पडायचे जास्तीत जास्त १२० युरो. अशाच एका शाखेबाहेर पायरीवर बसलेले निवृत्त शिक्षक भेटले. पाच वर्षांत त्यांच्या पेन्शनला कितीदा कात्री लागली, ते बोटांवर मोजून दाखवलं. रविवारी मत काय देणार, असं विचारलं. म्हणाले, "होय म्हटलं तरी कापणार, नाही म्हटलं तरी कापणार. निदान या वेळी विचारलं तरी!"

ग्रीकमध्ये होकाराला 'ने' म्हणतात. आपल्या कानाला तो 'नै' वाटतो. नकार म्हणजे 'ओही'. हा शब्द तिथे साधा नाही. १९४० मध्ये मुसोलिनीला दिलेल्या नकाराचा 'ओही दिन' आजही २८ ऑक्टोबरला साजरा होतो. आता तोच शब्द भिंतीभिंतीवर होता.

शुक्रवारी संध्याकाळी संसदेसमोरच्या सिंताग्मा चौकात 'ओही'वाल्यांच्या गर्दीने पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच वेळी जुन्या संगमरवरी स्टेडियमजवळ 'होय'वाल्यांची सभा होती. तिथेही जाऊन आलो. युरोतून बाहेर पडलो तर साठवलेलं सगळं मातीमोल होईल, ही त्यांची भीती मला खोटी वाटली नाही. पण चारातला एक माणूस बेकार असताना आणखी कपात करून कर्ज फिटेल कसं, या 'ओही'वाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या सभेत कुणी दिलं नाही.

रविवारी रात्री निकाल आला. ६१ टक्क्यांहून जास्त 'ओही'! अनोळखी बाईंनी माझा हात धरून नाचायला ओढलं. सोमवारी सकाळी अर्थमंत्री वारूफाकिस यांचा राजीनामा.

१३ जुलैला मी एजिना बेटावर होतो. ब्रुसेल्समध्ये सतरा तासांच्या बैठकीनंतर पंतप्रधान सिप्रास यांनी धनकोंशी करार मान्य केला होता. सार्वमतात नाकारलेल्या अटींहून या नव्या अटी कडक होत्या. खानावळीतल्या टीव्हीसमोर सगळे उभे होते, बोलत कुणीच नव्हतं.

बँका २० जुलैला उघडल्या. मर्यादा बदलली, आठवड्याला ४२० युरो. म्हणजे दिवसाला पुन्हा साठच.