सुरमईचं मेक्सिकन सासर

मेक्सिकोतल्या वेराक्रुझला पहिल्यांदा पेस्कादो एन एस्काबेचे, म्हणजे व्हिनेगरमधे मुरवलेला मासा, समोर आला तेव्हा मला वाटलं हे सेव्हिचेच, म्हणजे लिंबात मुरवलेला कच्चा मासा, आणि कच्चा मासा मी खात नाही, त्यामुळे नुसती गाजरं उचलून खात बसले. मग कळलं की यात मासा आधी चांगला तळलेला असतो. मग त्याच तेलात कांदा, गाजर, सोललेला लसूण, तमालपत्र, ओरेगानो, मिरी, हालापेन्यो मिरच्या जरा परतायच्या, व्हिनेगर ओतून उकळायचं आणि सगळं माशावर घालून रात्रभर ठेवायचं. खायचा थंडच, दुसऱ्या दिवशी, तोस्तादावर, म्हणजे मक्याच्या कुरकुरीत पोळीवर.

तिकडे लेंटमधे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, शुक्रवारी मटण-चिकन बंद म्हणून मासे जोरात, आपल्याकडे श्रावणात बिचारे मासेही बंद! ही पद्धत स्पॅनिश लोकांनी तिकडे नेली, 'एस्काबेचे' हा शब्द मुळात अरबी-फारसी 'सिकबाज', तो व्हिनेगरमधे शिजवलेल्या मांसाचा पदार्थ होता. मिरची मात्र तिथलीच, हालापेन्यो हे नावच वेराक्रुझमधल्या हालापा शहरावरून पडलंय. गोव्याचं विंदालू पण असंच, पोर्तुगीजांच्या व्हिनेगर-लसणातून आलेलं.

आणि यासाठी तिकडे आवडीने घेतात तो सिएरा मासा म्हणजे आपल्या सुरमईचा सख्खा चुलतभाऊ आहे, एकाच कुळातले, म्हणून घरी मी बिनधास्त सुरमईचाच करते.

आता पौष्टिकपणाचं. सिएराच्या जातीतल्या १०० ग्रॅम कच्च्या माशात साधारण १९ ग्रॅम प्रोटीन, ६ ग्रॅम फॅट, १४० च्या आसपास कॅलरी, वर ओमेगा-३ आणि बी१२. व्हिनेगरने वजन उतरतं वगैरे जे फॉरवर्ड येतात त्यासाठी हे खाऊ नका, व्हिनेगर इथे टिकवायला आणि चवीला आहे. खरा हिशोब तेलाचा, एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळजवळ १२० कॅलरी आणि या रेसिपीत वाटीभर तेल सहज जातं. मी तवा-फ्राय करते आणि खाताना तुकडा निथळून घेते. बीपीवाल्यांनी मीठ बघा. आणि गरोदर असाल तर तिकडचा पेतो, म्हणजे किंग मॅकरेल, नको, त्यात पारा जास्त असतो, अमेरिकेचं एफडीए, म्हणजे तिथलं अन्न-औषध खातंही तो टाळायलाच सांगतं.

भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियम अजिबात नको, आंबटपणाने धातूची चव उतरते. आणि गाजरं जरा जास्तच घाला, आमच्याकडे मासा मुरायच्या आत तीच संपतात.